धुराचा हौद

काटेवाडी, ता. बारामती
१९ नोव्हेंबर १९९७

प्रिय आई,

जय भीम. पत्र पायल वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सूचना. पायल, ताईचं ऐक, हे स्वयंपाकघरात नको, बाहेर ओट्यावर बसून वाच आणि घसा मोकळा सोडून वाच. आबा पेपर तोंडापुढं धरून बसले असतील, त्यांना उगाच कान द्यायचे कष्ट नकोत. हे एवढं मनातल्या मनात वाच, नाहीतर वाचलंच असशील, तुझा काय भरवसा.

आई, मी बारामतीचं हॉस्टेल सोडलं आणि काटेवाडीला मोहनरावांच्या मळ्यात खोली घेतली. त्यांचं गुऱ्हाळ आहे आणि मला धूर पाहिजे. लोक धुरापासून लांब पळतात, तुझी लेक भाडं भरून धुराजवळ राहायला आली. आबांना हे कळलं तर ते पेपर आणखी वर धरतील.

दिवाळीत झालं ते झालं. आबा म्हणाले, "एम.एस्सी. करून शेवाळ पाळणार? तुझ्या आईचा जन्म हौदाचं शेवाळ घासण्यात गेला." मीही उलट बोलले. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. इंदापूरच्या ज्युनिअर कॉलेजात कायम नोकरी, वरकुट्याहून सायकलवर जाण्याइतकी जवळ, आणि त्यासाठी आबांनी किती जणांचे उंबरे झिजवले ते मला ठाऊक आहे. आपल्यात अशी नोकरी कुणी नाकारत नाही. हजर व्हायला जानेवारीअखेरपर्यंत मुदत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आबांनी त्याआधी एकदा इथं यावं आणि माझा शेवाळाचा हौद डोळ्यांनी बघावा. बघितल्यावर म्हणाले, चल, हजर हो, तर मी बॅग भरून त्यांच्यामागं निघेन. शब्द आहे माझा. पण न बघता नाही म्हणायचं नाही. चौथीच्या वर्गात ते स्वतःच पोरांना सांगायचे, गणित न सोडवता उत्तर चूक म्हणू नये.

आता घरमालकांचं सांगते. मोहनराव शांत माणूस, बोलायचं काम त्यांनी बायकोला देऊन टाकलंय. फुलाबाई सकाळी बोलायला लागते ती गुऱ्हाळाच्या चरकाबरोबरच थांबते. मोहनरावांची आई गोजरबाई सत्तरीच्या पुढं, दिवसभर मिश्री लावते आणि सगळ्यांवर नजर ठेवते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आडनाव काय म्हनायचं तुमचं?" मी सांगितलं. ती "व्हय का" म्हणाली आणि परत मिश्री लावायला लागली. मग चहा आला. कप कुठला येतोय ते मी मुद्दाम बघितलं, आई, खोटं कशाला बोलू. टवका उडालेला होता. नंतर बघितलं तर त्या घरात धड कपच नाही, मोहनरावांच्या कपाला तर कानही नाही. मी निवांत चहा प्याले.

पायल, आबांनी हे ऐकताना पान उलटलं का ते लिही. उलटलं नसेल तर ऐकत होते.

तुझी
करुणा


काटेवाडी
७ डिसेंबर १९९७

प्रिय आई,

जय भीम. पायलचं पत्र मिळालं. पान उलटलं नाही म्हणे. छान.

तू विचारलंस, धूर कोंडून काय करतेस, डोळे जात नाहीत का. तुला समजेल असं सांगते. धुरात एक वायू असतो, कारखान्यांतून, मोटारींतून, चुलींतून तो वर जातो आणि हळूहळू सगळी हवा तापवतो. त्यावर काय करायचं म्हणून सध्या जपानात देशोदेशीचे साहेब जमलेत, आबांच्या पेपरात आलंच असेल. ते साहेब बोलतायत तोवर मी काटेवाडीत करून बघतेय. तो वायू या शेवाळाचं जेवण आहे. ऊन आणि धूर मिळाला की ते नुसतं खात सुटतं. आपण ज्याला शेवाळ म्हणतो ते बुळबुळीत नाही हे, इतकं बारीक आहे की एकेकटं डोळ्यांना दिसत नाही, नुसतं पाणी हिरवं दिसतं.

मोहनरावांच्या चुलवणावर उसाच्या रसाची काहील चढते, खाली चिपाडं जळतात. धुराड्याला मी एक नळी जोडलीय. धूर आधी पाण्याच्या पिंपातून जातो, तिथं काजळी बसते आणि तो थंड होतो. मग तो हौदाच्या तळाशी भोकं पाडलेल्या पाइपातून बुडबुडे होऊन वर येतो. शेजारी तेवढाच दुसरा हौद आहे, त्याला नुसती हवा. दोन्हींत शेवाळ एकाच दिवशी सोडलं. धुराचा हौद आत्ताच दुसऱ्याच्या पुढं गेलाय. विरजण लावल्यासारखं आहे, थोडं घातलं की वाढत जातं, फक्त सगळं कधी काढायचं नसतं.

लोक बघायला येतात. गूळ शिजवणारा गुळव्या तर काहिलीवरून उठून आला होता. गोजरबाईनं मिश्रीचं बोट हौदात बुडवून चाखून बघितलं आणि म्हणाली, "चव न्हाय. गूळ टाकू का?" मी हात जोडले.

काल सहा डिसेंबर. मी खोलीत बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. फुलाबाई दारात उभी राहिली. मला वाटलं काही विचारेल. ती गेली आणि ओचाभर झेंडू घेऊन आली. "फोटू मोकळा बरा न्हाय दिसत," म्हणाली. मग तिथंच बसून सासूबद्दल गाऱ्हाणं सांगत राहिली. मेणबत्ती संपली तरी तिचं संपेना.

बावीस जानेवारीला दिल्लीहून आणि पुण्याहून सरकारी समिती येणार आहे. धुरावरचं शेवाळ खरंच जास्त वाढतं का ते बघणार, आणि त्यावर हे काम पुढं चालायचं की गुंडाळायचं ते ठरवणार. पण आई, समितीचं मला एवढं नाही. समिती येईलच, तिला भत्ता मिळतो. मला आबा यायला हवेत. वरकुट्याहून इंदापूर, इंदापूरहून बारामती, आणि बारामतीहून काटेवाडीला वडापच्या जीप असतात. पायल, हे पुन्हा एकदा वाच, सावकाश.

करुणा


काटेवाडी
४ जानेवारी १९९८

आई,

आबांना सांग, तुम्ही जिंकलात. मी येते आणि हजर होते. नोकरीची ऑर्डर काढून ठेवा.

राग आलाय म्हणून अक्षर असं येतंय. पायल, लागेल तसं वाच.

दोन दिवस मी बारामतीला कॉलेजात होते. जाण्याआधी दोन्ही हौदांतलं थोडं थोडं शेवाळ फडक्यातून गाळलं, वजन करायला सोबत नेलं. धुराच्या हौदातलं जवळजवळ दुप्पट भरलं, आई. मी वाटेत भेळ घेतली सगळ्यांसाठी. मळ्यात शिरले तर फुलाबाई हौदाच्या कठड्यावर बसलेली, पदर खोचलेला, तोंडभर हसू. दोन्ही हौद रिकामे. आतून पांढरे लख्ख. नुसते घासले नव्हते, ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर मागून आणून धुतले होते. हिरवं पाणी मेथीच्या वाफ्यात सोडून दिलं होतं.

"बगा बाई, कसं झालं," म्हणाली. "पावनं यायचं म्हनल्यावर हौद निर्मळ नगं का?"

मी वाकून हौदाच्या तळाला हात लावून बघितला. ती म्हणाली, "तुमी माल काढून न्हेलासा की. आधण उतरलं म्हंजी काहील धुवायची, न्हायतर फुडचं आधण बिघडतं. येवढं कळतं मला."

गुऱ्हाळात हेच करतात. गूळ उतरला की काहील घासून, धुऊन मगच पुढचा रस. लग्न होऊन आल्यापासून ती तेच करत आलीय. तिच्या हिशेबानं तिनं माझं सगळ्यात जिकिरीचं काम करून ठेवलं होतं, तेही मी न सांगता. त्यात तिचे हात ब्लीचिंगनं सोलून निघाले होते. आणि मी तिला काय म्हणाले, तर "माझ्या हौदाला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" असं म्हणाले, आणि तेही मोठ्यानं. गुळव्यानं ऐकलं, चिपाडं वाळवणाऱ्या बायकांनी ऐकलं. त्या मळ्यात पहिल्यांदाच फुलाबाई गप्प झाली.

रडू आलं मला. तिच्यावर ओरडले म्हणून की शेवाळ गेलं म्हणून, सांगता येत नाही. भेळ कुणी खाल्ली नाही, ती तशीच नरमली.

समितीला आता काय दाखवू, पांढरे हौद? आणि आबांना तरी कशाला बोलवू. बघण्यासारखं काही उरलं नाही.

करुणा


काटेवाडी
१२ जानेवारी १९९८

प्रिय आई,

मागचं पत्र विसर. ऑर्डर कपाटातच असू दे. आबांनी ती काढून इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवलीय असं पायल कळवते, तर ती परत आत ठेवा. माझा शब्द होता तोच आहे, आधी बघायचं.

झालं असं. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते. फुलाबाई दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, दूध नासलं तर आमी शेजारनं इरजान आनून परत लावतो. तुमच्या ह्याचं इरजान कुटं मिळतं?"

मी बॅग खाली ठेवली. कॉलेजात फ्रीजशेजारच्या फळीवर माझ्या मूळ शेवाळाच्या बाटल्या आहेत, त्या तर मी कधीच विसरले नव्हते. पण एका बाटलीतून हौद भरायला महिने जातात, असं गृहीत धरून मी हातपाय गाळून बसले होते. हौदात एकदम टाकलं तर महिने लागतील हे खरं. पण एकीच्या चार, चारच्या सोळा अशा बाटल्यांत वाढवत नेलं, सगळ्यांना ऊन आणि धूर दिला, तर बघता येईल. फक्त काचेच्या बाटल्या हव्यात, आणि त्या ढिगानं.

मी हे बोलायचा अवकाश, फुलाबाई निघाली. आई, तिचं तोंड पुन्हा सुरू झालं म्हणून मला किती बरं वाटलं. तिनं सगळी काटेवाडी धुंडाळली. सॉसच्या बाटल्या आल्या, सरबताच्या आल्या, दवाखान्यातल्या सलाईनच्या आल्या. गुऱ्हाळामागच्या उसातून दारूच्या इतक्या बाटल्या निघाल्या की त्या कुणाच्या हे कुणीच सांगेना. मोहनराव तेवढा वेळ आभाळाकडं बघत होते. "ढग न्हाईत," म्हणाले. जानेवारीत कुठले ढग असणार.

गोजरबाईनं लोणच्याची काचेची बरणी दिली, तिच्या माहेरची. लोणचं पातेल्यात काढून ठेवलं.

आता अंगणात बाटल्याच बाटल्या आहेत. प्रत्येकीत पिचकारीच्या नळीनं धूर सोडते मी. एकेक बाटली हिरवी होतेय. फुलाबाई सकाळी उठून आधी त्या बघते, मग म्हशी. कालपासून दोन्ही हौदांत सारखंच थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. मी फुलाबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या वो, माझी सासू येका दिसात त्याच्या दसपट बोलती." गोजरबाई मागंच बसली होती. हे मुद्दाम तिला ऐकू जाईल असं होतं.

आबा काही बोलले का?

करुणा


काटेवाडी
२५ जानेवारी १९९८

प्रिय आई,

हे पत्र पोस्टानं नाही, आबांच्या हाती येतंय. पाकीट चिकटवलेलं नाही. एसटीत ते वाचतील आणि घरी आल्यावर वाचलं नाही म्हणतील. तू हो म्हण.

आधी समितीचं. गुरुवारी आले, तिघं. धुराचा हौद काठोकाठ हिरवा नव्हता, पण हिरवा होता, आणि शेजारचा त्याच्यापेक्षा फिका होता. वजनाचे आधीचे आकडे दाखवले. हौद रिकामे का झाले ते खरं सांगितलं. दिल्लीचे साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग "कळवू" म्हणाले. सरकारी कळवू म्हणजे काय, ते आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता आजचं. त्या ब्लीचिंगच्या प्रकारानंतर मी सगळ्यांना बजावून ठेवलंय की पाण्याला कुणी हात लावायचा नाही. साबणाचा, तेलाचा, मिश्रीचा हात लागला की शेवाळ बिघडतं. गोजरबाईनं ते फारच मनावर घेतलं. हौदाशेजारी बाज टाकून ती दिवसभर राखणीला बसते.

आज दुपारी मी पिंपातली काजळी काढत होते. पाठमोरी होते, आबा आलेले मला दिसलेच नाहीत. ते मला हाक न मारता सरळ हौदापाशी गेले असणार, आणि वाकले असणार. मला ऐकू आला तो गोजरबाईचा आवाज.

"ए, मागं व्हा. पान्याला हात लावायचा न्हाय."

मी वळले. आबा ताठ झाले होते, दोन्ही हात पाठीमागं, एकमेकांत धरलेले. आई, तू लग्नानंतर त्यांना बघितलंयस, मी जन्मापासून. आबांनी असे हात मागं घेतलेले मी कधी बघितले नव्हते. आबा लहानपणी अशाच एका मळ्यात, लांब उभं राहून, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यालेत. आपल्या घरात हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. इतकं शिकून, इतकी पोरं शिकवून, ते हात आपोआप मागं गेले.  हे ऐकायला मी त्यांना इतक्या लांबून बोलावलं होतं का?

मी हातातलं टाकून त्यांच्याकडं निघाले. गोजरबाई मात्र थांबली नव्हती.

"आसा कोन बी येतोय आन् हात घालतोय. पोरीनं सांगितलंय, कुनी शिवायचं न्हाय. तिचं पानी हाय ते."

आबांनी विचारलं, "कुणाला म्हणजे कुणालाच नाही?"

"कुनालाच न्हाय. माज्या ल्येकाला न्हाय. सूनंनं येकदा लावला तर सगळा इस्कोट झाला. काल सरपंच आलावता, त्याला बी हाकाललं."

"आणि हे पाणी कुणाचं म्हणालात?"

"तिचं." तिनं माझ्याकडं बोट केलं. "आमी नुसतं राखतो."

आबा माझ्याकडं बघत राहिले. माझे दोन्ही हात काजळीनं काळे, तोंडही तसंच असणार. मग ते कठड्यावर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसले. गोजरबाई मला म्हणाली, "म्हातारं येडं हाय का काय?"

"आजी, हे माझे वडील, सांगितलं होतं ना, मास्तर," मी म्हणाले.

ती बाजेवरून टुणकन उठली, डोक्यावर पदर ओढला. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय, मास्तर. तुमच्या ल्येकीनं आमच्या गुऱ्हाळाची साळा केलीया." आणि स्वतः जाऊन तांब्या भरून आणला. "हात फुडं करा. सोच्छ धुवा आन् खुशाल घाला. तुमच्यात तिच्यात काय येगळं हाय."

तिनं वरून पाणी ओतलं. आबांनी हात पुढं केले. आधी तळहात नुसतेच धरून ठेवले, पाणी त्यांवरून वाहून जात होतं. मग धुतले, नीट, बोटांच्या मधूनसुद्धा, पोरांना शिकवायचे तसे. तांब्या रिकामा झाला तर गोजरबाईनं दुसरा आणला.

पाणी किती दाट झालंय ते बघायला मी काठीला एक पांढरी चकती लावलीय. ती बुडवत जायची आणि कुठं दिसेनाशी होते ते बघायचं. मी काठी आबांना दिली. म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी बाही वर केली आणि काठीसकट हात पाण्यात घातला.

"दिसत नाही," म्हणाले.

"इतक्यात?"

"मनगट बुडायच्या आतच गेली." मग त्यांनी दुसऱ्या हौदात बुडवून बघितली, तिथं पार कोपर बुडेपर्यंत चकती दिसत होती. परत धुराच्या हौदाकडं आले. या खेपेला काठी काठावरच ठेवली आणि नुसता हात घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ काढला नाही. बुडबुडे त्यांच्या बोटांतून वर येत होते. फुलाबाईसुद्धा बोलली नाही, यावरून काय ते समज.

नंतर चहा झाला. टवका उडालेल्या कपातून. आबांनी पिशवीतून ऑर्डर काढली, माझ्यापुढं धरली, आणि मी घेणार तेवढ्यात परत घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "दिल्लीवाले कळवोत न कळवोत. उद्या सव्वीस जानेवारी, परवा मी इंदापूरला जाऊन सांगतो, ही जागा दुसऱ्या कुणाच्या पोरीला द्या. ह्या पोरीला काम आहे."

एवढंच. हौदापाशी चकतीचं बोलले तेवढं सोडलं, तर दिवाळीपासून माझ्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. मी त्यांच्या गळ्यात पडले, पांढऱ्या शर्टाला काजळी लागली. तू मला बोल, त्यांना नको.

आई, त्यांचा उजवा हात वाळून हिरवट झालाय. मघाशी मी पाणी दिलं होतं, त्यांनी धुतला नाही. तूही त्यांना धुवायला सांगू नकोस.

करुणा